अकरा उन्हाळ्यांचा अंधार

वेणीमाधव मास्तरांचा राग नाकावर असे. गणित चुकलं की एक छडी, वर हसलं की दोन. त्यांच्या तासाला भल्याभल्या पोरांची पाचावर धारण बसे. आणि हा जमदग्नी उन्हाळ्यात माळवदावर बसून आकाशाची चित्रं काढायचा, तीही चांदण्या सोडून! वृश्चिकाजवळ आकाशगंगेला ज्या काळ्या चिरा पडलेल्या दिसतात, तेवढ्याच ते कोळशानं कागदावर उतरवत. अकरा उन्हाळे हेच चाललं होतं.

लोक म्हणत, तिथं नुसती भोकं आहेत. मास्तर म्हणत, भोकं कसली, ढग आहेत. धुळीचे, वायूचे, मागचे तारे झाकणारे. शेजारचा मल्लप्पा विणकर सुताला खळ लावायचा. ओल्या धाग्यावर खळ सारखी राहत नाही, ठराविक अंतरावर थेंब धरते, हे मास्तरांनी त्याच्या अंगणात पाहिलं आणि ते धावत घरी आले. काळ्या चिरांतही तशाच गाठी होत्या! लांबलचक ढग स्वतःच्याच ओढीनं तुटत असणार, एकेक तुकडा आवळत, तापत जाऊन त्याचा तारा होत असणार.

"वर शांतता नाही रे मल्लप्पा, मोडतोड चाललीय नुसती," ते सांगत.

"हितं तरी काय हाय, मास्तर?" मल्लप्पा म्हणे.

पुण्याच्या एका मासिकानं चित्रं मागवली होती. फक्त गाठींमधली अंतरं लिहायची राहिली होती. तीही मास्तरांनी लिहिली. मल्लप्पाला सगळं ठाऊक होतं. बायकोला, यशोदाबाईंना, मात्र त्यांनी कधी एक कागद दाखवला नाही. तिला काय कळतंय, असा त्यांचा तोरा.

तेवढ्यात १९३० सालचा मे उजाडला. शहरात गोळीबार झाला, लष्करी कायदा आला. डोक्यावर पांढरी टोपी दिसली की शिपाई मरेस्तोवर मारत. एका सकाळी ते गल्लीत शिरले. त्यांनी मल्लप्पाचा माग कुऱ्हाडीनं फोडला आणि त्याला केसांना धरून फरफटत नेलं.

यशोदाबाईंनी ते खिडकीतून पाहिलं. न्हाणीघरात बंब पेटलेला होता. त्यांनी घरातल्या टोप्या त्यात घातल्या, वर्तमानपत्रं घातली, मग कपाटातला चित्रांचा गठ्ठा काढला. रेघा, ठिपके, अंतरं. रेघ म्हणजे गिरणीचा रस्ता, ठिपका म्हणजे चौकी, असं त्यांना वाटलं. तोही त्यांनी आत कोंबला.

मास्तर आले तेव्हा शेवटचा कागद जळत होता. त्यांनी बंबात हात घातला, पंजा भाजला, हाती राख आली. तळपायाची आग मस्तकात गेली. तोच काळा हात त्यांनी बायकोवर उगारला.

"शहराचा नकाशा होता ना तो?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला नेलं असतं हो."

हात तसाच वर राहिला, कारण शिपाई दार मोडून आत शिरले होते. बंदुकीचा दस्ता बरगडीत बसला आणि मास्तर खाली कोसळले. बरोबरच्या फौजदारानं राख पाहिली.

"काय जाळलं? कुणी जाळलं?"

यशोदाबाई पुढं झाल्या. मास्तरांनी पडल्यापडल्या त्यांचा पाय धरून त्यांना मागं ओढलं.

"तू गप्प बस. मी जाळलं. नकाशे होते, शहराचे."

दुसरा दस्ता तोंडावर बसला. दात जमिनीवर पडले.

दोन वर्षांनी मास्तर तुरुंगातून सुटून आले तेव्हा यशोदाबाईंनी भीतभीत विचारलं, खरंच नकाशेच होते ना ते?

"नकाशेच होते," मास्तर म्हणाले. "बरं केलंस."