चौथ्या खेपेचे मासे

समुद्रातला मासा पकडायचा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचा, दोन दिवस प्रवास घडवायचा, काचेच्या टाकीत सोडायचा आणि आठवड्यात तो मेला की ‘सॉल्ट वॉटर अवघडच असतं मॅडम’ म्हणत दुसरी पिशवी पुढं करायची! हे जे कोणी करतात, त्यांना चांगलं माहीत आहे की तोच मासा अंड्यातून घरी वाढवता येतो. माहीत आहे, पण करायचं नाही. कारण त्यासाठी दिवसातून सहा वेळा टाकीपुढं उभं राहावं लागतं.

आम्ही उभे राहिलो. आणि उभं राहिलं की मासे होवोत न होवोत, किस्से होतातच. माशाला वाढायला महिने लागतात, किस्सा त्याच दिवशी तयार! मासे आम्ही ओळखीच्यांना वाटले. किस्से कुणी नेईना, म्हणून इथं सोडते.

आम्ही म्हणजे तिघं. मी, धारवाडात झूलॉजी शिकलेली, घरही तिथंच, केलगेरीत. मंजूअण्णा, हुबळीत गोकुळ रोडवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवतो आणि आमचे पंप, पाइप, स्टँड सगळं बघतो. आणि आमच्या शेजारच्या सुनंदा अक्का, त्यांच्या गच्चीवर पिल्लांच्या खाण्याची शेती. क्लाउनफिशची एक जोडी आमच्या मागच्या खोलीत होती, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली. ती मडक्याच्या खापरीवर अंडी घालायला लागली आणि सगळं सुरू झालं.

माझे अप्पा गणिताचे रिटायर्ड मास्तर. त्यांनी पहिल्याच दिवशी हिशेब सांगितला, “चार खेपा. चारदा अंडी. त्यात एक, फक्त एक पिल्लू पांढरे पट्टे येईपर्यंत जगवून दाखव. नाही जमलं, तर खोली रिकामी करायची आणि बी.एड.चा फॉर्म भरायचा.”

मी म्हटलं, “एका खेपेत जमेल!”

असं कधी म्हणू नये.

*

आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यानं येतं. आलं की आई घरातली सगळी भांडी भरते. घागरी, बादल्या, कुकरसुद्धा. तर पहिल्या दिवशी मी दोन पिंपं पाणी गाळून घेतलं, पॅकेट फोडलं आणि त्यात समुद्राचं खास मीठ ओतायला लागले.

आई दारात येऊन उभी राहिली.

“आठ दिवसांनी आलेल्या गोड पाण्यात मीठ टाकतीस होय गं?”

“आई, समुद्र करतेय.”

“कर की. पण पुढच्या वेळी नळ आला नाही तर तुझ्या समुद्रात तूच भांडी घास!”

*

खारटपणा मोजायचं एक छोटं यंत्र असतं, दुर्बिणीसारखं. थेंब टाकायचा, उजेडाकडे धरून आकडा वाचायचा. ते कुरिअरनं यायला उशीर झाला. मी रोज फोन करतेय, चिडतेय.

सुनंदा अक्का म्हणाल्या, “इतकं काय त्यात?” बोट बुडवलं, जिभेला लावलं, डोळे मिटले.

“आमटी असती तर जास्त झालं असतं. समुद्राला अजून दोन वाट्या लागतील.”

मी हसले. पण चौथ्या दिवशी यंत्र आलं, तेव्हा आधी पहिल्या पिंपाचं पाणी तपासलं. कमी निघालं. मोजून दोन वाट्या मीठ घातलं. आकडा बरोबर!

तेव्हापासून यंत्र आम्ही अक्कांची खात्री करायला वापरतो.

*

या माशांत अंडी सांभाळायचं काम नराचं. तो दिवसभर पंखांनी वारा घालतो, खराब झालेलं अंडं तोंडानं वेचून बाजूला करतो. मादी आकारानं मोठी. ती येते, एक फेरी मारते, काम नीट चाललंय का बघते आणि जाते.

मी हे घरातल्यांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगत होते. अप्पा पेपर वाचत होते. आई टाकीपुढं खुर्ची घेऊनच बसली. अर्धा तास हलली नाही.

मग शांतपणे म्हणाली, “अहो, पेपर ठेवा जरा. इकडं या. शिकायला वय नसतं.”

*

अंडी फुटतात ती अंधार पडल्यावर, तास-दीड तासानं. मंजूअण्णाला हुबळीला परत जायचं असतं, अक्कांना स्वयंपाक असतो. मग आम्ही दिवसच सरकवला! खोलीला काळे पडदे लावले, दिव्यांना टायमर लावला. पहाटे तीनला माशांची सकाळ आणि दुपारी तीनला संध्याकाळ. साडेचारला आम्ही तिघं काळोखात, लाल कागद लावलेली बॅटरी घेऊन, श्वास रोखून बसलेलो. आणि पहिलं पिल्लू सुटलं. केसाच्या टोकाएवढं, दोन डोळे आणि शेपूट. मंजूअण्णाच्या तोंडून नुसतं “अय्ययो” निघालं.

तेवढ्यात बाहेरून अप्पांचा आवाज, “घरात दोन टाइमझोन झालेत, हरकत नाही. मला चहा कुठल्या टाइमनं मिळणार तेवढं सांगा!”

ती पहिली खेप. चौथ्या दिवशी एकही उरलं नाही. आमच्याकडे खाणं पुरेसं नव्हतं.

*

पिल्लांचं खाणं म्हणजे रोटिफर. डोळ्यांना पाण्यातली धूळ वाटावी इतके बारीक जिवंत जीव. ते अक्कांच्या गच्चीवर पिकणाऱ्या हिरव्या शेवाळाच्या पाण्यावर वाढतात. दुसऱ्या खेपेला मंजूअण्णानं वर्कशॉपच्या कोपऱ्यात रोटिफरचं पिंप लावलं आणि रोज एक बाटली बसनं धारवाडला आणायला लागला. झाकण सैल ठेवायचं, नाहीतर ते गुदमरतात. म्हणजे बाटली हातातच धरून यायचं.

शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी विचारलं, “काय रे तमा, कसला कषाय हा, खोकल्याचा?”

“कषाय नाही अज्जी. लेकरांचं जेवण.”

“किती वर्षांची लेकरं?”

“आज चौथा दिवस.”

आजीबाई हादरल्याच. “चौथ्या दिवसापासून वरचं? हे हिरवं? आई कुठं आहे त्यांची?”

“आई आहे की. पण तिच्याजवळ ठेवली तर खाऊन टाकते.”

आजीबाई उठल्या आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

दुसरी खेप आठव्या दिवसापर्यंत टिकली. आठव्या दिवशी पिल्लांचं अंग बदलायला लागतं, तिथं ती गेली. अप्पांनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुसरी फुली मारली.

*

तिसऱ्या खेपेचा किस्सा सांगताना अजून मंजूअण्णा खाली बघतो.

पिल्लं सहा दिवसांची, दणदणीत. वर्कशॉपमध्ये रोटिफर इतके की पाणी दाट झालेलं. आणि आली खंडेनवमी. आपल्याकडे आयुधपूजेला वर्कशॉपमध्ये काय असतं ते सांगायला नको. लेथ धुतलेले, ड्रिलला झेंडूची माळ, पान्यांना कुंकू. आणि त्या दिवशी एकही मशीन चालवायचं नाही. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस विश्रांती.

मंजूअण्णानं स्वतःच्या हातानं ओळीनं सगळी मशीनं बंद केली. लेथ, ग्राइंडर, ड्रिल आणि ओळीत शेवटी रोटिफरचा हवेचा पंप. त्याला कुंकू लावलं. फूल वाहिलं. नमस्कार केला. चुरमुऱ्यांचा प्रसाद घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पिंपाला वास. सगळे मेलेले. आमच्याकडे दीड दिवसाचं खाणं उरलेलं. पिल्लं नवव्या दिवशी गेली.

चार दिवस तो फोन उचलेना. पाचव्या दिवशी मीच वर्कशॉपवर गेले. तो लेथवर वाकलेला, वर बघेना.

“हात गेला गं स्विचकडे,” म्हणाला. “पंधरा वर्षांची सवय. पंप मशीन नाही का?”

मी भांडायला गेले होते, देवाशपथ. पण पंपावर ते वाळलेलं फूल अजून तसंच होतं. मी म्हटलं, “आता इतका आशीर्वाद मिळालाय, तर चालू कर की.”

*

चौथी खेप. शेवटची.

या खेपेला आम्ही नियम केला, बाराव्या दिवसापर्यंत पिल्लं मोजायची नाहीत. बारशाआधी बाळाचं वजन गावभर सांगतात का? अक्कांनी टाकीच्या कोपऱ्याला काजळाचा टिपकासुद्धा लावला. मी विज्ञानाची विद्यार्थिनी. मी तो पुसला नाही.

बी.एड.चा फॉर्म अप्पांनी आणून टेबलावर ठेवलेला. त्यावर पेपरवेट.

नवव्या दिवशी सकाळी दहाला लाइट गेली. बॅटरीचा पंप अकराला बंद पडला. चौकशी केली तर कळलं, लाइनचं काम आहे, चारपर्यंत येणार नाही. नऊ दिवसांच्या पिल्लांना हवेशिवाय तासभरसुद्धा कठीण.

मंजूअण्णाला फोन केला. तो स्कूटरवर लॉरीच्या चाकाची ट्यूब घेऊन आला, टम्म फुगवलेली, गळ्यात हार घातल्यासारखी अडकवून. वाटेत पंक्चरवाल्यानं त्याला विचारलं होतं, “कुठल्या लॉरीची?” यानं सांगितलं, “लॉरी नाही, मासे आहेत.” त्यानं हवेचे पैसेच घेतले नाहीत. बहुतेक दया आली असणार.

ट्यूबच्या तोंडाला त्यानं बारीक नळी जोडली, चिमटा लावला, दुसरं टोक टाकीत. बुडबुडे सुरू! आम्ही नाचलो. पाऊण तासात ट्यूब सैल पडली आणि बुडबुडे मंदावले. हवा आत होती, पण दाब नव्हता.

“वजन पाहिजे,” मंजूअण्णा म्हणाला. “मी तोवर दुसरी ट्यूब आणतो.” आणि तो गेला. मी बसून पाहिलं. बावन्न किलो. चारच बुडबुडे. त्यात नळीचा चिमटाही मलाच धरायचा होता.

अप्पा दारात उभे होते. कधीपासून, माहीत नाही. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, धोतर सावरलं आणि येऊन ट्यूबवर बसले. मागच्या खोलीच्या फरशीवर, लॉरीच्या ट्यूबवर, माझे अप्पा! बुडबुडे धो धो सुटले.

“हललं की कमी होतंय,” मी म्हटलं.

“मग हलत नाही,” अप्पा म्हणाले.

आज वाटून उरलेले, माझ्या टाकीत दोन-दोन पांढरे पट्टे घेऊन मिरवणारे जे अकरा मासे आहेत, ते सगळे त्या दुपारचे.

तर अप्पा असे तासभर बसलेले आणि आई एका पाहुण्यांना घेऊन आली. अप्पांचे जुने विद्यार्थी, आता कलघटगीत मोठे अधिकारी. मुलीच्या लग्नाची पहिली पत्रिका सरांना द्यायला आलेले. इस्त्रीचा सफारी, हातात फळांची करंडी. ते नमस्काराला वाकले आणि अप्पांना उठता येईना.

“माफ कर बाबा,” अप्पा म्हणाले. “उठलो तर लेकरं जातील.”

साहेबांनी टाकीकडे बघितलं, नळीकडे बघितलं. मी जमेल तेवढं भराभर समजावलं. तेवढ्यात बुडबुडे पुन्हा मंदावले. अप्पांनी श्वास धरला, जणू त्यानं वजन वाढणार होतं.

साहेबांनी करंडी आईच्या हातात दिली, सफारीचं वरचं बटण सोडलं आणि म्हणाले, “सर, जरा सरका. माझं वजन चौऱ्याण्णव आहे.”