मावशींचं ‘रिजेक्ट’

शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर मावशी होत्या, तोवर ‘रिजेक्ट’चा अर्थ कुणाला डिक्शनरीत बघावा लागला नाही. डिक्शनरी फार तर ‘नाकारणे’ म्हणेल. तिला काय कळतंय! मावशी शर्ट उजेडात धरायच्या, खडूने फुली मारायच्या आणि म्हणायच्या, “रिजेक्ट. बस माझ्याजवळ.” मग दोघींनी मिळून उसवायचं. शिवण सरळ येईपर्यंत ना शिवणारी घरी, ना मावशी. सहाची बस गेली तर गेली.

पाणचट चहा रिजेक्ट, मालकाचा नवा टायसुद्धा रिजेक्ट. कॉलरी शिवायची म्हणून जिला सगळे कॉलरवाली म्हणत, तिला आजही ते दिवस आठवले की हसूही येतं आणि डोळेही भरतात. तिचा हात बसला तो मावशींच्या त्या टेबलाशीच.

एके दिवशी तिची लेक घरी तापाने फणफणली होती. दोनदा निरोप आला. इकडे माल न्यायला गाडी दारात उभी. तिने शेवटच्या वीस कॉलरी कशाबशा उरकल्या. वाकड्या झाल्यात हे तिला दिसत होतं. मावशींनी एकेक शर्ट हातात घेतला आणि मुकाट्याने पास केला. म्हातारीची नजर गेली, बरंच झालं, असं मनात म्हणत ही घराकडे पळाली.

आठवड्याने त्या शर्टांचा गठ्ठा परत आला. पास कुणी केले, मालकाने विचारलं.

“मी,” मावशी म्हणाल्या. “डोळे साथ देत नाहीत आता.”

कॉलरवाली मान खाली घालून मशीन चालवत राहिली. मावशींनी डबा पिशवीत टाकला आणि तीस वर्षांची नोकरी सोडून त्या चालत्या झाल्या.

तिला अन्न गोड लागेना. चौथ्या दिवशी ती मावशींच्या घरी गेली. मावशी दारात बसून सुईत दोरा ओवत होत्या. पहिल्याच फटक्यात ओवला. ते पाहून हिने विचारलं,

“मावशी, तुम्हाला त्या दिवशी दिसलं होतं?”

“न दिसायला काय झालं? पोरीचा ताप उतरला का?”

“मग रिजेक्ट का नाही केलंत?”

मावशींनी दोऱ्याला गाठ मारली.

“केलं असतं तर तुला थांबावं लागलं असतं.”