अंतराळातल्या घराला सुतळीचे टाके

त्या वर्षी माझी धान्याची चाळण गायब झाली आणि माझा संशय थेट बांधापलीकडच्या धाकट्या जावेवर गेला. पुरावा काय, तर आदल्या दिवशी ती माझ्याकडे बघून हसली होती. मी तेव्हा पस्तिशीची, अक्कल घरी ठेवून फिरणारी. साखर मागायच्या निमित्ताने तिच्याकडे गेले आणि फडताळामागे डोकावले. ती म्हणाली, "साखर डब्यात अस्ती, ताई. तिथं मुंग्या अस्त्यात."

मग नजर लेकीकडे वळली. नववीतली पोर, शाळेतून आली की गोठ्यामागे पळायची. द्राक्षांवरची पाखरं हाकलायची गलोलही खुंटीवर नव्हती. कुणीतरी पोरगा असणार, हे मी ठरवूनच टाकलं. कडब्याच्या गंजीआड पाळतीवर बसले. पोरगा नव्हताच. टोमॅटोचं लाकडी खोकं, त्याच्या तोंडावर ताणलेला पतंगाचा कागद आणि वीतभर पुढे काड्यांवर उभी माझी चाळण. लेक गलोलीने वाळक्या चिखलाचे गोळे मारत होती.

"हे काय गं?"

"अंतराळातलं घर. उद्या नारायणगावला विज्ञान प्रदर्शनात न्यायचंय. तिथं वाळूएवढे खडे बंदुकीच्या गोळीपेक्षा जोरात येत्यात. भोक पडलं का आतली हवा गेली, माणूस खलास."

"मग जाड पत्रा ठोक की."

"वर न्यायला लई जड व्हतो. म्हणून पुढं पातळ पत्रा आन् मधी मोकळी जागा. खडा पत्र्यावर फुटतो, भुगा पांगतो, भिंतीला नुसती धूळ लागती. तिथल्या माणसांच्या कपड्यांना बी असेच थर अस्त्यात."

मला काही पटलं नाही. मोकळी जागा म्हणजे अर्धवट काम. पोत्याचं तोंड शिवताना मी कधी दाणा गळू दिला नव्हता. ती अभ्यासाला बसल्यावर मी काड्या उपटल्या, दाभण आणि सुतळी घेतली, फळ्यांच्या फटींतून ओवून चाळण कागदाला भिडवून गच्च आवळली. स्वतःवर खूशही झाले.

सकाळी तिने एक गोळा मारून बघितला. सगळा भुगा एकाच जागी बसला आणि कागद टरकन फाटला. ती रडली नाही, भांडली नाही. "चाळण पार चेपली," म्हणाली. "आता दुसरी कुठनं आणू? जीप सुटंल."

दुसरी चाळण एकाच घरात होती. गेले.

"आज फडताळामागं न्हाई बघायचं?" जाऊ म्हणाली.

"न्हाई."

"मग घ्या. भिंतीला टांगलीये."

लेकीने टोमॅटोच्या दुसऱ्या खोक्याला कागद ताणून जावेची चाळण वीतभर पुढे उभी केली, आणि मीही तिच्याबरोबर जीपमध्ये चढले. प्रदर्शनाच्या मैदानात तिने दोन्ही खोकी शेजारी मांडली. माझ्याला नवा कागद लावला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, "हे आईचं, हे माझं." माझा कागद दर वेळी फाटायचा, तिचा शाबूत. लोक हसायचे. माझ्या मनात आलं, पोरगी स्वतःच्या घरावर हळू मारत असणार.

"आण ती गलोल."

पदर खोचला आणि पाखरांवरचा सगळा राग त्या गोळ्यात घालून तिच्या घरावर मारला. गोळ्याचा चुरा झाला, कागदावर पिठासारखी धूळ. पुन्हा मारला. तेच.

आणखी एक गोळा मागितला तेव्हा लेक हळूच म्हणाली, "आई, मागं रांग लागलीये."

गलोल पुढच्या माणसाला दिली. पण जाता जाता चाळणीमागे हात घालून कागद बोटाने चाचपून बघितलाच. भोक नव्हतं.