‘स्वतःहून उपचार सोडले’

कॅन्सरच्या दवाखान्यात आमच्या मॅडमना सगळे ‘गप्पांच्या डॉक्टर’ म्हणत. त्या मानसशास्त्रज्ञ. ना सुई, ना गोळी. त्यांचं काम विचारण्याचं. आजार तोच, मग एकीचे उपचार पुरे होतात आणि दुसरी मध्येच का गळते, या एका प्रश्नापायी त्यांनी बावीस वर्षं घातली. मी त्यांच्या हाताखाली मुलाखती उतरवून घ्यायचे.

दवाखान्यात प्रत्येक पेशंटच्या फॉर्मवर एक रकाना होता, ‘स्वतःहून उपचार सोडले’. तो मॅडमच्या डोळ्यांत खुपायचा. त्या रकान्यातल्या बायकांना त्या घरी जाऊन भेटत. कुणाला पुढची तारीखच कळलेली नसे, कुणाला कामावरून सुटी मिळत नसे. एकजण म्हणाली, “डॉक्टर भराभर बोलले. परत विचारायची लाज वाटली.”

मॅडमची थोरली बहीण दूरच्या गावात, कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती. तिनेच राबून धाकटीला शिकवलं. तिच्या छातीत गाठ निघाली तेव्हा मॅडम म्हणाल्या, “माझ्याकडे ये.”

“इथे होतंय की. तू तुझं काम बघ.”

मग दर आठवड्याला फोन. “औषध चालू आहे ना, ताई?”

“चालू आहे गं.”

सात महिन्यांनी भाचीने कळवलं, आईने तिसऱ्या केमोनंतर जाणंच सोडलंय. मॅडम पोचल्या तोवर आजार हाडांत उतरला होता.

“मला का नाही सांगितलंस?”

“तिथे मला उलटी झाली. नर्स सगळ्यांसमोर ओरडली. परत तोंड दाखवायला जीव धजेना.” ताईने दम घेतला. “आणि तू ‘चालू आहे ना’ असंच विचारायचीस. नाही म्हणायला जागाच नव्हती, बाळा.”

पाच आठवड्यांत ताई गेली. तिचे कागद आणायला मॅडम तिथल्या हॉस्पिटलात गेल्या. शेवटच्या पानावर तोच रकाना, आणि त्यात बरोबरची खूण. त्या जिन्यातच बसून राहिल्या.

परत आल्यावर त्यांनी आमच्या फॉर्मवरून तो रकाना काढायला लावला. तारीख चुकली की दुसऱ्या दिवशी फोन करायचा आणि फक्त “काय झालं?” विचारायचं, असा नियम झाला. वर्षभरात गळती निम्म्यावर आली.

त्याबद्दल दवाखान्याच्या सभेत मॅडमचं कौतुक झालं. बोलायला उभ्या राहिल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “माझ्या बहिणीला मी सात महिने चुकीचा प्रश्न विचारला.” टाळ्या वाजत होत्या तेव्हा त्या बाहेर नळावर तोंड धूत होत्या. मी टॉवेल पुढे केला. तो त्यांना दिसलाच नाही.