पोलाद ओरडायचं थांबलं

रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची पत्र्याची शेड आहे. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरांची किरकोळ कामं येतात, पण आमची खरी ओळख वेगळी. खडी फोडणाऱ्या क्रशरचा जबडा ज्या पोलादाचा करतात, ते पोलाद दिवसभर काळा दगड चावतं आणि सहजी झिजत नाही. त्यात वीतभर खोल भोक पाडायचं म्हटलं की बाकीचे शेडवाले हात वर करतात आणि गिऱ्हाईक आमच्याकडे पाठवतात. भोकं माझे यजमान पाडतात. मी दाराजवळच्या टेबलावर बसून फोन घेते आणि गिऱ्हाइकांची बोलणी खाते.

हे पोलाद घासलं की चिडतं. ड्रिल कापत कापत सारखं खाली जात राहिलं पाहिजे. एका जागी नुसतं घासत राहिलं, तर तिथला थर असा कडक होतो की पुढे काही चालत नाही. धार गेली आणि ड्रिल घासायला लागलं की बारीक, चिरका आवाज येतो. आम्ही म्हणतो, पोलाद ओरडलं. ओरडलं की त्याच क्षणी ड्रिल वर घ्यायचं, धार बघायची आणि मगच पुन्हा खाली उतरायचं. खोल भोकात डोळ्यांना काही दिसत नाही, सगळा कारभार कानांवर. ह्यांचा कान इतका तयार, की पुरतं ओरडायच्या आतच ड्रिल वर आलेलं असायचं. मला वाटायचं, ह्याच्या निम्मं जरी बायकोचं ऐकलं असतं तरी संसार सोन्याचा झाला असता.

मग ड्रिलं तुटायला लागली. ह्यांनी आधी ड्रिलांना नावं ठेवली, मग ड्रिलांवर सोडायच्या पाण्याला, मग ते विकणाऱ्याच्या सात पिढ्यांना. पोलादाचं मात्र कौतुक. "आताचा माल शहाणा झालाय गो," ते म्हणायचे, "पूर्वीसारखा ओरडत नाय." आणि मला तर टेबलावर बसल्या बसल्या ते ओरडणं दाताच्या मुळापर्यंत जात होतं. मला वाटलं, हट्टानं ऐकत नाहीत. मी भांडले. मेल्याहून मेल्यासारखं व्हावं असं बोलले.

एका सकाळी ते ओट्याला टेकून पेपर वाचत होते आणि हातभर अंतरावर कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता. पान उलटून त्यांनी विचारलं, "अगो, कुकर लावलास काय?" मी हातातली सुरी खाली ठेवली आणि तिथेच बसले. माझं बोलणं त्यांना कळत होतं, थोडं चढ्या आवाजात बोललं की झालं. मागच्या आवारात नारळ पडला तरी कळायचा. बारीक आवाज तेवढे गेले होते.

डॉक्टर म्हणाले, कारखान्यातल्या माणसाचे हेच आवाज आधी जातात, आणि गेलेले परत येत नाहीत. कानाला लावायचं यंत्र दिलं. शेडमध्ये ते लावल्यावर मोटर, पंखा, शेजारचा हातोडा, सगळ्याचा एकच गोंगाट व्हायला लागला. ह्यांनी ते काढून खिशात घातलं. पुढे ते देव्हाऱ्याच्या खणात गेलं. आता देव लावतोय की काय, कोण जाणे. "माझे कान बरे आहेत," एवढंच ते म्हणाले. "पोलाद बदललंय."

पनवेलची लेक म्हणते, विका ते सगळं आणि या इकडे. तिच्या बैठकीत टीव्हीसमोरच्या खुर्चीत, मांडीवर हात ठेवून बसलेले हे मला दिसायचे. ह्या माणसाच्या हातून ड्रिल सुटलं तर मागे काय उरेल, ते मला ठाऊक होतं. त्याची मला भीती वाटायची, आजही वाटते.

म्हणून पुढचं जड काम आलं तेव्हा मी टेबल सोडलं आणि त्यांच्यामागे जाऊन पाठीवर तळवा ठेवला. पोलाद ओरडलं तसा दाबला. त्यांनी ड्रिल वर घेतलं, धार बघितली, घासलेली होती. मागे वळून म्हणाले, "पाठीतली उसण बघतेस काय?" मी म्हटलं, "होय." यापलीकडे त्यावर आमच्यात कधी काही बोलणं झालं नाही. रस्त्यानं माझ्याबरोबर चालायलाही लाजणारा हा माणूस, पण त्यानंतर कठीण जॉब मशीनवर चढला की स्वतःच हाक मारायचा, "ये गो, पाठ धर." ड्रिलं तुटायची थांबली. ते दिवस, खरं सांगते, आमच्या संसारातले सगळ्यात बरे दिवस होते.

डॉक्टरांनी मलाही बजावलं होतं, मशीनजवळ जाताना कानात बोळे घाला. बोळे घातले तर ऐकू काय? उघड्या कानांनी उभी राहिले. घरी आल्यावर कानात रातकिडे किरकिरायचे. पावसाळ्याचे दिवस, असतील बाहेर, म्हणून सोडून दिलं. दिवाळी झाली तरी ते गेले नाहीत.

परवा नवा जबडा आला. शेवटचं भोक निम्म्याच्या वर झालं होतं. माझा तळवा त्यांच्या पाठीवर होता, शर्ट घामानं ओला, आणि ड्रिल शांतपणे खाली जात होतं. एकदम हिसका बसला. आतून धूर आला. ड्रिल भोकातच तुटलं होतं, आणि त्या पोलादातून तुटका तुकडा काढणं म्हणजे जॉब भंगारात गेल्यातच जमा.

ते वळले. रागावले नव्हते. चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

"बघ. ओरडलं नाय ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मी कधीपासून सांगतोय तुला."

तेवढ्यात शेजारचा शेडवाला धावत दारात आला. "वहिनी, केवढं वरडत होतं ता! आमच्या शेडीत बसवत नव्हतं. तुमाला ऐकू नाय आलं काय?"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतो गो तो?"

"विचारतोय, ड्रिल तुटलं काय."

"तुटलं," ह्यांनी दाराकडे बघून मोठ्यानं सांगितलं.

माझा तळवा अजून त्यांच्या पाठीवरच होता.