थांबवणारी ओळ

“पन्नास काय? पन्नास आंबे?”

कोणी नुसता आकडा सांगितला की काका चष्मा कपाळावर सरकवून असं विचारत. चहावाला “दो मिनट” म्हणाला की मात्र खूश. “देखो, इसको अक्कल है,” असं आम्हाला सुनावत.

तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल आणि तुम्ही त्याला टाळत असाल. आम्हीही टाळायचो. काका रांझीच्या कारखान्यात जन्मभर तपासनीस होते. निवृत्तीनंतर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि कांचघर भागातल्या आमच्या लहानशा कंपनीत आले. गावाच्या पाण्याच्या टाकीत क्लोरीन किती सोडायचं, ते ठरवणारा प्रोग्राम आम्ही लिहीत होतो.

पायथनमध्ये फंक्शनला, म्हणजे प्रोग्रामच्या एकेका तुकड्याला, येणाऱ्या प्रत्येक आकड्याशेजारी त्याचं एकक लिहून ठेवता येतं. याला ॲनोटेशन म्हणतात. पण ती नुसती पाटी. भाषा ती वाचते आणि सोडून देते. पाट्यांना आपल्याकडे काय तोटा? भिंतीभिंतीवर लोकांचे हक्क लिहिलेले असतात, ते मानायला लावणारं कोणी नसतं. काकांनी मानायला लावलं. प्रत्येक फंक्शनच्या डोक्यावर त्यांनी डेकोरेटरची, म्हणजे आधी तपासणी करणारी, एक ओळ बसवली. आत येणाऱ्या आकड्याचं एकक ती पाटीशी ताडून पाही. जुळलं नाही, की प्रोग्राम तिथेच थांबे.

ग्राहकासमोर तो तीनदा थांबला. पाण्याचं मीटर मिनिटाचा प्रवाह देत होतं, पाटीवर तास होता. साहेबांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, आकड्याला साठनं गुण आणि काकांच्या त्या ओळी काढून टाक. चौकात लोकांच्या हक्कांची पत्रकं वाटताना कोणाला न भिणारा मी. अर्ध्या तासात सगळ्या काढल्या.

काकांनी स्क्रीन पाहिला. रागावले नाहीत.

“काहून काढल्या रे?”

“साहेब म्हणाले.”

“आज जमलं. उद्या मीटर बदललं तर कोण थांबवणार?”

मी म्हटलं, काका, दर पावलाला थांबून कसं चालेल. त्यांनी डबा पिशवीत घातला आणि गेले. पुन्हा आले नाहीत.

दोन महिन्यांनी ते वारल्याचं कळलं. हृदय बंद पडलं होतं. भेटायला गेलो तर काकू सांगू लागल्या, रोज सकाळी सायकल घेऊन त्या टाकीवर जात होते, एवढ्या उन्हात पाणी तपासून राहिले होते. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “ऑफिसचंच काम होतं ना ते?”

मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी टाकीवर गेलो. पंपवाल्यानं काकांची वही दाखवली. दर दिवसाला एक ओळ, आणि प्रत्येक ओळीत ‘मिलिग्रॅम प्रति लिटर’ पूर्ण लिहिलेलं. काका गेल्याचं मी त्याला सांगितलं. त्यानं वही मिटून जागेवर ठेवली. गावाला पाणी सोडायची वेळ झाली होती.

“तो आज कौन देखेगा, भैया?”

त्यानं पाणी तपासायची काचेची नळी आणि तिच्यात टाकायच्या औषधाची बाटली माझ्यापुढे धरली. मी ती घेतली. किती थेंब टाकायचे, ते मला ठाऊक नव्हतं.