हो, मी अक्रात नाचलो

बाबा गेल्याला तीन महिने झाले नव्हते आणि मी परदेशात, एका परक्या म्हाताऱ्याच्या मयताला भर दुपारी नाचलो. त्याचा व्हिडिओ आमच्या भाऊकीच्या ग्रुपवर आला आणि भिवपुरीपासून कर्जतपर्यंत फिरला. व्हिडिओ खरा आहे. त्यात दिसतो तो मीच.

मोठ्या भावाने निरोप धाडला होता. वर्षश्राद्धाला सगळ्यांसमोर माफी मागायची, तरच बाबांच्या पिंडावर पाणी सोडायचं. नाहीतर बाहेर मांडवात बसायचं.

खालापूरच्या कारखान्यात एक दोस्त बारा वर्षं माझ्या शेजारच्या मशीनवर होता. तो आता घानातल्या अक्रा शहरात फोरमन आहे. त्याच्याकडे जायचं बाबा असतानाच ठरलं होतं. भाऊ म्हणाला, "वर्साच्या आत दर्या वलांडायचा नाय." मी ओलांडला. घरात बसवत नव्हतं. बाबांची घुंगरं अजून खुंटीला होती आणि ती माझ्यामुळे तिथे होती.

अक्रा समुद्राला लागूनच आहे. किनाऱ्यावर रंगवलेल्या लांबलचक होड्या, त्यावर झेंडे, बाजूला मासळी धुरावर वाळवणाऱ्या बायका. आमच्या टमटमसारख्या खचाखच भरलेल्या व्हॅन, आणि दारात लोंबकळून ठिकाणांची नावं ओरडणारे क्लीनर. डोक्यावर काचेची अख्खी पेटी घेऊन चालणाऱ्या बाईने मला तळलेले गोड गोळे दिले आणि मी डावा हात पुढे केला म्हणून दटावलं. माझ्या आईनेही तेच केलं असतं. दुसऱ्या हातात पाण्याची पिशवी होती, हे कारण आईनेही ऐकलं नसतं.

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, एका नाक्यावर भलामोठा फ्लेक्स दिसला. हसरा म्हातारा, वय शहाऐंशी, वर इंग्रजीत 'आयुष्याचा सोहळा'. खाली रस्ता अडवून मांडव, माणसापेक्षा उंच स्पीकर, काळ्यापांढऱ्या नक्षीच्या नव्या कपड्यांत दोनशे माणसं. आता मी कर्जतचा. नाक्यावर फ्लेक्स आणि त्यात माणूस हसतोय म्हणजे वाढदिवस, दुसरं काय? श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर आमच्याकडे कोणी हसत नाही. दारात एक वयस्क बाई लोकांशी हात मिळवत होत्या. मी पुढे झालो, त्यांचा हात धरला आणि म्हणालो, "मेनी हॅपी रिटर्न्स! साहेब कुठे आहेत?"

दोस्त मागून कुजबुजला, "अरे गाढवा, मयत आहे. त्या साहेबांच्या बायको आहेत."

बाई इतक्या हसल्या की शेजारणीच्या खांद्यावर कलंडल्या. "साहेबांना सकाळीच पुरून आलो," त्या म्हणाल्या. "परत आले तर तुमचा निरोप देते." त्यांनी ते मांडवभर सांगितलं आणि मांडव हसला. मग मला शेजारी बसवून भात वाढला आणि विचारलं, "तुमचे वडील?"

"गेले, तीन महिने होत आले. ब्याऐंशी वय होतं."

"मग नाचलात ना?"

मी म्हणालो, आमच्यात नाचत नाहीत. त्या म्हणाल्या, "आणि ते? ते नाचायचे?"

या प्रश्नाचं उत्तर मी कोणाला दिलं नव्हतं. बाबा गणपतीत बाल्या नाच नाचायचे. मृदंगवाला मध्ये आणि घुंगरं बांधलेले गडी भोवती गोलात. सत्तरी ओलांडल्यावरही त्यांचा पाय पडला की अंगण दणाणायचं. एका वर्षी कारखान्यातले साहेब सहकुटुंब आमच्या गणपतीला आले. साहेबांच्या बायको बाबांचा नाच बघून तोंडावर हात ठेवून हसल्या. पाहुणे गेल्यावर मी बाबांना म्हणालो, "बास झालं आता. या वयात बरं नाय दिसत. माझी लाज जाते."

बाबा पायरीवर बसले, घुंगरं सोडली आणि खुंटीला लावली. पुढच्या नऊ गणपतींत त्यांनी ओटीवर बसून नाच बघितला. मृदंग वाजला की त्यांचा अंगठा हलायचा. मला तो दिसायचा. "बांधा बाबा" एवढंच म्हणायचं होतं. नऊ वर्षांत म्हणालो नाही.

हे सगळं मी माझ्या मोडक्या इंग्रजीत त्या बाईंना सांगितलं. त्यांनी समजूत घातली नाही. उठल्या, माझा हात धरून मला स्पीकरसमोर नेलं आणि स्वतः नाचायला लागल्या. वाजत होतं ते त्यांचं, माझे पाय पडले ते बाल्याचे. मी रडत होतो, पण व्हिडिओत ते दिसत नाही. दोस्ताने तो कौतुकाने स्टेटसला ठेवला आणि तिथून तो गावाला पोचला.

वर्षश्राद्धाला भर अंगणात मी उभा राहिलो. घुंगरांचं सगळं सांगितलं. "त्याची माफी मागतो," म्हणालो. "ती बाबा असतानाच त्यांची मागायला पायजे होती."

"नाचल्याचं बोल," भाऊ म्हणाला.

"नाचल्याची नाय मागणार."

"आफ्रिकेत जाऊन ग्यान घेऊन आलाय," चुलते म्हणाले. कोणीतरी हसलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. "मला कोनी दावलाच नाय त्यो व्हिडिओ," ती म्हणाली. मी मोबाइल दिला. तिने डोळ्यांजवळ धरून तो दोनदा पाहिला. पुरणाचा वास, वर कावळे, आणि मोबाइलमधून अक्राचा धडाम धडाम आवाज.

"पाय चुकतोय रं तुजा," ती म्हणाली. "उजवा आदी पडाया पायजे. त्यांचा कदी डावा आदी पडला नाय." मग भावाकडे न बघताच, "तांब्या दे त्याला."

भावाने तांब्या माझ्यासमोर आपटून ठेवला. मी पाणी सोडलं. तो अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मीही नाचल्याची माफी मागितलेली नाही.

या गणपतीत घुंगरं मी बांधणार आहे. लाज वाटेल त्याने घरात बसावं. ज्याला व्हिडिओ काढायचा त्याने काढावा आणि ग्रुपवर टाकावा. उजवा पाय आधी पडेल.